काशीला गेलेला नारूमामा

वासूभाऊ हडकर, एक वेळ सोडली तर, आमच्या घरी कधीच स्वतःच्या आवाजात आले नाहीत. बेड्याशी, म्हणजे अंगणाच्या बांबूच्या फाटकाशी, उभे राहायचे आणि त्या घरच्या धन्याच्या आवाजात हाक मारायचे. एकदा दुपारी बेड्यावरून माझ्या वडिलांचा आवाज आला, "आगो, बांगडे हाडलंय, टोप घेवन ये!" आई टोप घेऊन धावली. बाहेर वासूभाऊ रिकाम्या हातांनी उभे.

"मेल्या वासू," आई म्हणाली, "तुका तुझी आवस तरी ओळखता काय रे?"

"ओळखता गो काकी. पण आईच ती, आदी दोन गाळी घालून बघता."

तेवढ्यात मागच्या ओटीवर झोपलेले खरे वडील डोळे चोळत बाहेर आले आणि म्हणाले, "बांगडे खंय आसत?"

आमची वाडी मालवणाहून तारकर्लीकडे जाणाऱ्या वाटेवर. वासूभाऊंचं घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण ते वर्षाचे दहा महिने मुंबईला. रेडिओवर नाटुकल्यांत कामं करायचे, पुढे सिनेमातही करू लागले. त्यांच्या शब्दांत, "रेडिओवर वासरू म्हणान लागलंय आणि आजोबा म्हणान नाव काढलंय." हे शब्दशः खरं होतं. त्यांचं पहिलं काम एका वासराचं होतं. दोनदा हंबरायचं. त्यांनी तिसऱ्यांदा हंबरून घेतलं, आणि ते तिसरं इतकं करुण निघालं की पुढच्या आठवड्यात त्यांना माणसाचं काम मिळालं.

चेहरा मात्र असा की पाहिला आणि विसरला. मालवणच्या गाडीत कंडक्टर त्यांच्याकडे दोनदा तिकीट मागायचा. वासूभाऊंना याचा अभिमान होता. "माझा तोंड म्हणजे धुतलेली पाटी," ते म्हणायचे. "कोणीय येवचा, काय होया ता लिवन जावचा."

त्या पाटीवर लिहायचा मजकूर ते गावातून गोळा करून नेत. गणपतीला आले, मे महिन्यात आले, की ते आवाज धरत फिरायचे. पद्धत त्यांची स्वतःची होती. आवाज धरायचा असेल तर माणसाला वाट विचारायची. "वाट सांगताना माणूस सोंग करना नाय," असं त्यांचं म्हणणं. धाकू पोस्टमनला त्यांनी भर रस्त्यात विचारलं, "हडकरांचा घर खंय?" धाकू तडकला. "तुझाच घर तुका ठावक नाय? मुंबयचा पाणी डोक्यात गेला काय रे? ह्या वळणार फणस लागतलो, तेच्या मागसून व्हाळ, व्हाळ ओलांडलंस काय समोर तुझी आवस शेणी थापताना दिसात!" शिव्या देत देत त्याने वाट मात्र पुरी सांगितली. वासूभाऊ डोळे मिटून ऐकत होते. मग बोट वर करून म्हणाले, "ह्यो लागतलो!"

हा आवाज आपल्याला लागणार, हे त्यांचं पालुपद. चांगला मासा दिसला की माणसं थांबतात, तसे वासूभाऊ चांगला आवाज ऐकू आला की थांबायचे. "ह्यो लागतलो!"

दोन महिन्यांनी धाकूचा आवाज रेडिओवरून एका राजाच्या प्रधानाच्या तोंडून आला. वाडीत वीज नव्हती. बाबीशेटच्या हॉटेलात मोटारीच्या बॅटरीवर चालणारा एक रेडिओ, त्याच्यासमोर आम्ही सगळे. नाटक कशाबद्दल होतं हे कुणी ऐकत नसे. ऐकायचं ते एवढंच, की आज वासूभाऊ कुणाच्या आवाजात आहेत. "धाकू! धाकू!" म्हणून हॉटेल उठलं. धाकू त्यानंतर आठ दिवस टपाल वाटताना प्रधानासारखा चालत होता. उलट खुद्द बाबीशेटचा आवाज एका चोराला दिला गेला, तेव्हा बाबीशेटने बॅटरीच काढून ठेवली. "भजी खातत माझी, आणि चोर पण मीच?" तिसऱ्या दिवशी त्याने बॅटरी परत लावली, कारण चोर शेवटी सुधारतो असं कुणीतरी मालवणात ऐकून आलं होतं.

सिनेमात वासूभाऊ मरायचे. नायिकेचा बाप, नायकाचा मामा, गिरणीतला म्हातारा पहारेकरी, काहीही असले तरी मध्यंतराच्या आत खोकून मरायचे. मालवणला तंबूत पहिला सिनेमा लागला तेव्हा त्यांच्या आईला आम्ही पुढे बसवलं होतं. पडद्यावर वासूभाऊ खोकले, भिंत धरली, खाली घसरले. म्हातारी उभी राहून ओरडली, "ऊठ रे वासू! भुयेर निजा नको, थंडी बाधात!" हे कळवल्यावर वासूभाऊंनी मुंबईहून उलट पत्र पाठवलं, की एवढं मोठं प्रशस्तिपत्र आजवर कुणी दिलेलं नाही, आणि आईला सांगा, खाली गादी होती.

आता मला माझ्याकडे यायला हवं. आतापर्यंत मी जे सांगितलं ते वाडीतलं कुणीही सांगेल. पुढचं फक्त मीच सांगू शकतो.

माझ्या वडिलांना सगळे नाना म्हणत, मीही. आमच्या घराण्याकडे देवळात गाऱ्हाणं घालायचा मान होता. गाऱ्हाणं म्हणजे साऱ्या गावाच्या वतीने देवाशी केलेलं बोलणं. कुणाची गुरं आजारी, कुणाचा मुलगा बोटीवर, सगळं देवाच्या कानावर घालायचं. एकाने बोलायचं आणि प्रत्येक वाक्याला मागच्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. नानांचा आवाज खर्जातला, मधेच किंचित चिरकणारा. रवळनाथाच्या देवळात तो घुमला की मुलंसुद्धा गप्प होत.

पन्नास आणि साठ सालांच्या मधली ही गोष्ट. वासूभाऊंना रेडिओवर दर मंगळवारी संध्याकाळचं कायमचं काम मिळालं. खेड्यातल्या लोकांसाठीचा कार्यक्रम, त्यात नारूमामा नावाचा एक शहाणा, तिरसट शेतकरी. महिन्याचे पैसे बांधलेले, त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच. आणि नारूमामाचा आवाज नानांचा होता. हॉटेलात पहिल्या वाक्याला सगळ्यांनी ओळखला. नाना मिशीत हसले आणि त्या दिवसापासून मंगळवारी स्वच्छ सदरा घालून रेडिओ ऐकायला येऊ लागले.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, मालवणच्या कचेरीत नुकताच कारकून म्हणून लागलेला. कडक इस्त्री आणि कडक मराठी या दोन गोष्टींवर माझा विश्वास होता. नारूमामा मला आवडत नव्हता. बाप म्हणून घरात जे होतं ते सगळ्यांसमोर वाजतं आहे असं वाटायचं.

एका मंगळवारी नारूमामाचा बैल आजारी पडला आणि नारूमामाने रेडिओवर गाऱ्हाणं घातलं. "बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ह्यो नारू तुझ्या पायाकडे इलोसा. तेचो बैल तीन दिस चारो खाणा नाय. कोणाची नदर लागली आसात, कोणाचा काय चुकला आसात, तर ता पोटात घाल म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

अख्खं हॉटेल बोललं. वीस-पंचवीस माणसं, हातात चहाचे पेले, तोंडात भजी. बाबीशेटने चुलीवरून हात जोडले. एकाने डोक्यावरची टोपी काढली. रेडिओतून पुढचं वाक्य आलं, आणि पुन्हा सगळे, "व्हय म्हाराजा!" बैल बरा होईपर्यंत हॉटेलने साथ दिली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की समोर देव नसून खोकं आहे, आणि जो हशा उसळला तो रस्त्यापलीकडे गेला असेल. फक्त मी ओठ आवळून बसलो होतो. आणि नाना खाली मान घालून बसले होते.

घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मी त्याचा अर्थ लावला. दुसऱ्या दिवशी कचेरीत कुणीतरी माझ्यासमोर फाइल ठेवून म्हणालं, "सही करा म्हाराजा," आणि चार टेबलांवरून उत्तर आलं, "व्हय म्हाराजा!" मी कचेरीचाच कागद घेतला, कचेरीचीच जांभळी शाई घेतली आणि डाव्या हाताने रेडिओच्या साहेबांना पत्र लिहिलं. सदर कार्यक्रमात आमचे ग्रामदैवत व वयोवृद्ध मानकरी यांची टवाळी होत आहे, सबब ती त्वरित बंद करावी. खाली, एक श्रद्धाळू श्रोता.

पत्र पेटीत टाकलं. आत पडल्याचा आवाज झाला आणि त्याच क्षणी मला ते परत हवंसं झालं. मी फटीतून बोटं घातली, मग पंजा रेटला, आणि हात अडकला. पेटी उघडायला धाकू आला तेव्हा मी तिच्याशी हस्तांदोलन करत उभा होतो.

"पेटयेत पडला ता सरकारचा," धाकू म्हणाला. "आता तुझो हात पण सरकारचो झालो. थांब, तेल हाडतंय."

खोबरेल लावून त्याने हात सोडवला. पत्र सोडवलं नाही. नियम म्हणजे नियम.

त्याच संध्याकाळी नाना म्हणाले, "शंकरा, वासूक एक कागद घाल. म्हण, गाराना बरा घातलंस. माझ्यापेक्षा दम लांब आसा तुझो. काल सगळा हॉटेल व्हय म्हणाला तेव्हा माका बोलूक सुचला नाय. फक्त एक चुकला. वाक्य संपला काय लगेच पुढे धावतस. देवाक जरा इचार करूक टायम दी."

मी ते पत्र उजव्या हाताने लिहिलं. शाई तीच, कागद तोच. डाव्या हाताच्या पत्राचं त्यांना त्याच वेळी सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी कार्यक्रमातल्या दुसऱ्या पात्राने जाहीर केलं की नारूमामा काशीला गेले. हॉटेल म्हणालं, बरं झालं, पुण्य पदरात पडेल. पण नारूमामा परत येईना. नाना दर मंगळवारी स्वच्छ सदरा घालून जायचे. पुढे गुडघे दुखू लागले तसं मला पाठवायचे आणि मी परत आलो की विचारायचे, "इलो काय रे नारू?"

"नाय, नाना."

"आगगाडी आसा तरी इतको उशीर?"

हे तीन वर्षं चाललं. शेवटच्या आजारातही त्यांनी एकदा विचारलं. मग स्वतःशीच म्हणाले, "काशी लांब आसा."

ते गेले तेव्हा वासूभाऊ मुंबईहून आले. ती एक वेळ सोडली तर असं मी सुरुवातीला म्हटलं, ती हीच. बेड्याशी एक पातळ, साधा, अनोळखी आवाज आला. "शंकरा, मी वासू." मी बाहेर आलो तेव्हा कळलं की हा त्यांचा स्वतःचा. मला त्यांच्याकडे बघवेना. मी आत निघून गेलो. त्यानंतर ते आमच्या बेड्याशी आले नाहीत आणि मी त्यांच्या.

रेडिओवर त्यांना नंतर सुटी कामं मिळत राहिली, कायमचं काही नाही. सिनेमात ते नेमाने मरत राहिले. एकदा तर दिल्लीला जाऊन आले. तिथे म्हणे बोलणारा माणूस घरबसल्या दिसतोसुद्धा, असा रेडिओ निघाला होता. त्यात त्यांनी हिंदीतून एक म्हातारा केला. बाबीशेटने विचारलं, "मग तिकडच्या लोकांनी तुका बघल्यानी?" वासूभाऊ म्हणाले, "बघल्यानी असतले. पण लक्षात कोणाच्या रवतलंय?" दूरदर्शनबद्दल आमच्या वाडीला मिळालेली पहिली माहिती ही.

गेल्या वर्षी मालवणात एक सिनेमा आला. मी बायकोला घेऊन गेलो. त्यात वासूभाऊ दोन मिनिटांचे कारकून होते. चष्मा पुसतो, कुणाच्या नजरेला नजर देत नाही, प्रत्येक वाक्य "तसं म्हणाल तर" असं सुरू करतो. हा कारकून पेटीत एक पत्र टाकतो, क्षणभर थांबतो, आणि मग फटीत हात घालतो. हात अडकतो. तंबू कोसळेल इतकं लोक हसले. आमच्या वाडीचे लोक मात्र एकमेकांना विचारत होते, "ह्यो कोण रे? खंयचो आवाज ह्यो?" मलाही ओळखू येईना. माझी बायको डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होती. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, हे तुम्हीच की!"

"तसं म्हणाल तर..." मी म्हणालो आणि थांबलो.

हाताची गोष्ट धाकूने सांगितली असणार. पण ती याच कारकुनाला चिकटवली होती. म्हणजे ते पत्र माझं हे वासूभाऊंना माहीत होतं. कधीपासून, एवढंच कळायचं राहिलं होतं.

ते तेव्हा गावातच होते. त्यांची आई जाऊन वर्ष झालं होतं, लग्न त्यांनी केलं नव्हतं, घरात एकटेच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेलो. ते ओटीवर कोकमं फोडत बसले होते. बोटं लालभडक. मला पाहून पाट पुढे सरकवला. मी उभाच राहिलो.

"वासूभाऊ, तो कागद..."

"खंयचो? उजव्या हाताचो काय डाव्या?"

मी खाली बसलो.

"एका हप्त्यात दोन कागद इले," ते कोकमं फोडतच म्हणाले. "एक सायबाक, एक माका. शाई जांभळी. एकात लिवलेला, सबब टवाळी बंद करावी. दुसऱ्यात, सबब आपले अभिनंदन. अरे मेल्या, अभिनंदनाक सबब कोण लिवता?"

"मग साहेबांना सांगितलं का नाही?"

"सायब बरो माणूस. तो म्हणालो, ज्याचो आवाज आसा तेची सही हाडा, काम चालू ठेवा. मी गाडी धरून इलंय. तुमच्या बेड्यापर्यंत इलंय. नाना ओटयेर बसललो. म्हटलंय, सही मागूची तर कागद दाखवूचो लागतलो. आणि तेनी वाचल्यानी तर..." त्यांनी लाल झालेला डावा हात वर केला, पाहिला आणि खाली ठेवला. "नानाक तू एकच झील, एकुलतो पोरगो. बेड्यासून मागे फिरलंय. आणि काशीक गेलंय."

क्षमा हा शब्द मी वाटेत दहा वेळा घोकला होता, तो आता कचेरीतला वाटू लागला. मी म्हणालो, "नाना वाट बघत होते. दर मंगळवारी विचारायचे, नारू इलो काय. तीन वर्षं. शेवटच्या आजारातसुद्धा."

वासूभाऊंचे हात थांबले. हे त्यांना माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी कुणालाच सांगितलं नव्हतं. धुतलेली पाटी म्हणायचे ते स्वतःच्या तोंडाला. त्या वेळी तिच्यावर जे होतं ते मी पूर्वी कुठल्याही सिनेमात पाहिलं नव्हतं.

"बस," ते उठत म्हणाले. "दिवो लावतंय."

आत देवासमोर वात पेटली. मग आतून नानांचा आवाज आला. खर्जातला, मधेच चिरकणारा.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा..."

वाक्य पुरं झालं आणि आवाज थांबला. मोठा, रिकामा थांबा. मग पुढचं वाक्य, आणि पुन्हा तसाच. आधी मला वाटलं, नानांनी सांगितलेली ती दुरुस्ती असेल, देवाला विचार करायला वेळ. ती होतीच. पण घरात मागून व्हय म्हणणारं कुणी नव्हतं, आणि वासूभाऊ रोज संध्याकाळी त्या माणसाची जागा सोडून पुढे जात असणार. माडांसाठी मागितलं, समुद्रावर असलेल्यांसाठी मागितलं, धाकूच्या गुडघ्यांसाठीही मागितलं.

"काशीक गेललो नारू आज घराक इलो म्हाराजा," आतून नाना म्हणाले. "वाट बघणाऱ्याक ता कळांदे. आणि कोणाचा काय चुकला आसात, तर ता पोटात घाल म्हाराजा."

आवाज थांबला.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

मग गाऱ्हाणं पुढे सुरू झालं, आणि या वेळी थांबे लहान होते, कारण आता ते भरायला मी होतो.